नववीतल्या मुलाचं वजन : घरात नेमकं काय बदलावं? अनुभव हवेत

गवतीचहा | ८ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत महिना गेला, आज लिहितेच. मुलगा १४ वर्षांचा, आता नववीत जाईल. उंची १६३, वजन ७८. आम्ही पुण्यात असतो, मी आणि नवरा दोघंही नोकरीला, घरी सासूबाई असतात. लॉकडाऊनमध्ये जे अंगावर चढलं ते उतरलंच नाही, उलट वाढतच गेलं.

परवा नात्यात मुंज होती. तिथे एका मावशींनी पंगतीतच म्हटलं, "काय रे, केळवणं बटूची झाली की तुझी?" सगळे हसले, तोही हसला. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही, रात्री जेवला नाही. दीड वाजता मी पाण्याला उठले तर ओट्यापाशी अंधारात फरसाणाचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. मी आवाज न करता मागे फिरले. बरोबर केलं का चूक अजून कळलेलं नाही.

सोफ्यावर बसला की आधी उशी घेतो आणि पोटावर धरतो. मे महिन्यात जॅकेट घालून क्लासला जायचा. पोहायला आवडायचं त्याला, दोन वर्षं झाली तलावाचं नाव काढत नाही.

करून काय काय पाहिलं ते सांगते. जिमवाल्यांकडून डाएट चार्ट आणला, नऊ दिवस चालला. बाबा पहाटे साडेपाचला पर्वतीला घेऊन गेले, चार दिवस, पाचव्या दिवशी दोघांचं भांडण. डब्यात पोळीभाजीच देते पण डबा निम्माशिम्मा परत येतो, आणि संध्याकाळी क्लासवरून येताना वडापाव, फ्रँकी, कोल्ड्रिंक हे होतंच. सुरुवात कुठून करायची आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी बोलायचं कसं? माझ्या तोंडून वजन हा शब्द निघाला की तो उठून आत जातो.

मंदार_डोंबिवली

सेम पिंच, माझी मुलगी १३ ची. आम्ही एकच केलं, घरात येणारा माल बदलला. महिन्याच्या यादीतून वेफर्स, क्रीमची बिस्किटं, कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली हे काढलं. कपाटात असलं की रात्री हात जातोच, माझाही जातो. त्या जागी फुटाणे, शेंगदाणे, खाकरे, चुरमुरे, उकडलेली अंडी. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या.

आणि कोल्ड्रिंकचं लेबल तिलाच वाचायला लावलं. १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर असते. अर्ध्या लिटरची बाटली घेतली तर ५० ग्रॅम, म्हणजे दहा चमचे. तिने वाटीत दहा चमचे साखर मोजून ठेवली आणि आजीला दाखवायला घेऊन गेली. मला काही बोलावंच लागलं नाही.

स्पष्टवक्ता

राग मानू नका पण दोष आईवडिलांचा आहे. आमच्या वेळी घरात जे शिजेल ते खायचं, नाहीतर उपाशी झोपायचं. मोबाईल काढून घ्या, रात्रीचं जेवण बंद करा, महिन्यात सरळ येईल.

शमी

स्पष्टवक्ता, राग येतोच आहे, तरी शांतपणे लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीचं दहावीत असताना घरच्यांनी रात्रीचं जेवण बंद केलं होतं. सगळे तिचं कौतुक करायचे, "वा, किती बारीक झालीस". अकरावीत असताना ती बाथरूममध्ये नळ सोडून ओकायची, नळाच्या आवाजात कोणाला ऐकू जायचं नाही. आम्हाला कळायला आठ महिने लागले, पुढे दोन वर्षं मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार चालले. आज ती बरी आहे पण जेवताना कोणी तिच्या ताटाकडे बघितलं की अजून तिचा हात थांबतो.

वाढत्या वयातल्या मुलाचं जेवण बंद करा हे प्लीज कोणी सुचवू नका.

गवतीचहा ताई, त्या रात्री तुम्ही दिवा लावला नाहीत ते बरोबरच केलंत असं मला वाटतं.

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तपासल्याशिवाय औषधपाणी सांगणार नाही पण काही गोष्टी सर्वसाधारण आहेत.

एक, मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, मुलांना जसाच्या तसा लावू नका. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, वय आणि मुलगा-मुलगी यानुसार वेगवेगळे, त्यावर तुमच्या डॉक्टरांकडून मांडून घ्या. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बीएमआय २९ च्या वर जातो, म्हणजे लक्ष घालायलाच हवं. पण घाबरू नका, कारण उंची अजून वाढायची आहे. समजा वजन ७८ वरच राहिलं आणि उंची १७० झाली तर तोच आकडा २७ वर येतो, एक किलोही न घटवता. या वयात बऱ्याचदा आमचं पहिलं उद्दिष्ट वजन आहे तिथे थांबवणं एवढंच असतं.

दोन, त्याच्या मानेची मागची बाजू, काखा बघा. तिथे काळसर, मखमलीसारखी जाड झालेली कातडी असेल तर तो मळ नसतो, घासून जात नाही. शरीरात इन्सुलिनला दाद मिळत नसल्याची ती खूण असू शकते. अशा मुलांची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, लिव्हर हे तपासून घेतो आम्ही. झोपेत मोठ्याने घोरणं, श्वास अडकणं, किंवा मांडी-गुडघा दुखून लंगडणं असेल तर वाट न बघता दाखवा.

थायरॉईडचं सगळेच विचारतात. हार्मोनच्या कारणाने वजन वाढलेली मुलं बहुतेक वेळा उंचीला खुजी राहतात. तुमचा मुलगा उंचीला ठीक आहे, त्यामुळे ते कारण असण्याची शक्यता कमी.

आणि तीन, झोप. या वयाला ८ ते १० तास लागतात. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि नेमकं गोड-तळलेलंच खावंसं वाटतं. तो कधी झोपतो ते लिहिलं नाहीत.

गवतीचहा

डॉक्टर, मान काळी आहे. मी दोन वर्षं घासून घे, घासून घे म्हणून मागे लागत होते हो. आंघोळ नीट करत नाही म्हणून ओरडले आहे मी त्याला. वाचून रडूच आलं. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

झोप म्हणाल तर क्लास साडेपाच ते साडेआठ, घरी नऊ, जेवायला साडेनऊ-दहा, मग गृहपाठ आणि मोबाईल. साडेबारा तर होतातच, आणि सकाळी सहाला उठायचं.

बालवैद्य

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते ताई, तुमची एकटीची नाही. त्याला हेच सांगा, की मला माहीत नव्हतं.

अण्णा_कोल्हापूरकर

आमच्याकडं पाठवून द्या पोराला, तालमीत घालतो. विनोद बाजूला, पण खुराक पैलवानाचा आणि जोर-बैठका शून्य असं सगळ्या महाराष्ट्राचं झालंय. आमचे आजोबा तांबडा-पांढरा चापून खायचे पण पहाटे शेतावर तीन मैल चालत जायचे. आता तेच ताट आहे आणि चालणं गेटपासून रिक्षापर्यंत.

फ्रँकफर्टकर

इकडे माझा मुलगा शाळेत, क्लबला, मित्राकडे सगळीकडे सायकलने जातो, त्यामुळे वेगळा व्यायाम असा काढावा लागत नाही. पुणे तर सायकलींचं शहर होतं ना?

मंदार_डोंबिवली

होतं. आता त्या रस्त्यावर १४ वर्षांच्या पोराला सायकल देऊन कोणाची आई घरी शांत बसेल सांगा.

कोकमसार

नळस्टॉपला मी रोज सायकल चालवायचे १९९१ मध्ये, साडी नेसून. धाग्याचा विषय नाही पण आठवलं.

सुमाआजी

मी स्वतः सासू आणि आजी आहे म्हणून लिहिते. अशा धाग्यांवर शेवटी सगळं आजीच्या तुपावर येऊन थांबतं. भातावर चमचाभर तुपाने कोणी फुगत नाही. खरी गोष्ट अशी की "अजून एक घे, माझ्यासाठी घे" हे आमच्या जिभेवर बसलेलं आहे. आमच्या लहानपणी पोटभर मिळायचंच असं नव्हतं, म्हणून नातवाच्या ताटात वाढताना हात सैल सुटतो. नातू नको म्हणाला तरी मी अर्धी पोळी टाकायचेच.

सुनेने मला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. तिने तसं केलं नाही, एवढंच म्हणाली की आई, उद्यापासून पोरं स्वतःच्या हाताने वाढून घेतील, तुम्ही आमच्याबरोबर बसा जेवायला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गरम पोळी पहिल्या पंगतीला खाल्ली मी. आणि नातू दोनच पोळ्या घेतो हे तेव्हा कळलं, तिसरी-चौथी मीच घालत होते.

तुमच्या सासूबाईंना कामाला लावा. क्लासला निघायच्या आधी, पाच वाजता, काहीतरी भरभक्कम खाऊन जाऊ दे त्याला. मुगाचं धिरडं, थालीपीठ आणि दही, मटकीची उसळ. साडेआठपर्यंत रिकाम्या पोटी बसलेलं पोर वडापावच्या गाडीवरून पुढे कसं जाईल?

शिट्टी

क्रीडाशिक्षक आहे, १९ वर्षं. आमच्या बाजूची अडचण सांगतो. सहामाही जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो. जो तास होतो त्यात जाड मुलाला आपण काय देतो? स्कोअर लिही, नाहीतर स्टंप सांभाळ. मीही हेच करायचो. त्याला वाईट वाटू नये म्हणून पळायला लावायचो नाही, पण त्यातून त्याला कळायचं ते हेच की हे मैदान आपलं नाही.

आता मी त्या मुलांना गोळाफेक, रस्सीखेच, ज्युदो, कबड्डीत कोपरा असं देतो. तिथे वजन उपयोगी पडतं. पकडीत एकदा चढाईवाला अडकला की पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो. पळण्याने सुरुवात करू नका, पळताना सगळ्यांत मागे राहतो तो आणि मागून सगळे बघतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, पण ती सलग किंवा पहाटेच हवी असं नाही. तुकड्यातुकड्याने चालते.

फिटलाईफ_कोच

नमस्कार, मुलांसाठी आमचा हर्बल शेक आहे, दोन वेळच्या जेवणाऐवजी घ्यायचा, ३० दिवसात ६ किलोची गॅरंटी, मेसेज करा.

बालवैद्य

कृपया करू नका. १४ वर्षांच्या मुलाचं जेवण काढून पावडर देणं धोक्याचं आहे. संपादकांनी हा प्रतिसाद उडवावा ही विनंती.

पारिजात८८

मी सहसा फक्त वाचते, आज लॉगिन करून लिहितेय कारण ताईंच्या पोस्टमधली एक ओळ डोक्यातून जात नाहीये. डबा निम्माशिम्मा परत येतो ही.

मी शाळेत जाड होते, आठवीत ७१ किलो. माझाही डबा परत यायचा आणि आईला वाटायचं भाजी आवडली नाही म्हणून. मला भाजी आवडायची. पण मी डबा उघडला की बाकावरच्या मुली बघायच्या, आज किती पोळ्या, म्हणून. एकदा एकीने मोजल्या, मोठ्याने, एक, दोन, तीन. त्या दिवसापासून मी शाळेत खाणं सोडलं. दिवसभर पोटात आग पडायची, आणि घरी आलं की दार लावून मी जे समोर येईल ते खायचे, बिस्किटाचा अख्खा पुडा, साखर-पोळी, कच्ची मॅगी. आई म्हणायची डबा खात नाहीस आणि हे अरबट-चरबट बरं खातेस. मी काय सांगणार होते?

तुमच्या मुलाला एकदा विचारून बघा. पण समोरासमोर बसवून नको, गाडी चालवताना किंवा भाजी निवडताना विचारा, म्हणजे त्याला तुमच्याकडे बघावं लागणार नाही.

शमी

पारिजात, लॉगिन केलंस बरं झालं.

स्पष्टवक्ता

शमी आणि पारिजात दोघींचं वाचलं. जेवण बंद करा हे मी मागे घेतो. माझ्या डोक्यात ही बाजू नव्हती.

गवतीचहा | १९ जून

आज विचारलं. दुचाकीवर, तो मागे बसला होता, सिग्नलला. आधी काहीच नाही. मग पुढच्या सिग्नलला म्हणाला, "सगळे बघतात". एवढंच. घरी आल्यावर गाडी लावताना बाकीचं निघालं. वर्गात एक टोपणनाव आहे ते मी इथे लिहीत नाही. डबा तो शाळेच्या जिन्याखाली दोन मिनिटांत गिळतो नाहीतर तसाच आणतो.

मी म्हटलं, मानेचं मला माहीत नव्हतं रे, चुकलं माझं. "ठीक आहे" म्हणाला आणि लिफ्ट न घेता जिन्याने वर गेला, मला रडताना बघायचं नव्हतं बहुतेक.

एचबीए१सी सीमारेषेवर आलंय, मधुमेह नाही. लिव्हरवर थोडी चरबी आहे. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलंय.

कोकमसार

शाळेशी बोललात का? वर्गशिक्षिकेशी तरी? चिडवणं थांबल्याशिवाय नुसतं धिरडं काय करणार.

गवतीचहा

त्याला विचारूनच बोलेन. आत्ता नको म्हणाला, मी गेले तर अजून चिडवतील म्हणून.

शिट्टी

त्याच्या मनाविरुद्ध जाऊ नका, पण सोडूनही देऊ नका. एखाद्या शिक्षकाला एकट्यात गाठून, नाव न घेता, मधल्या सुट्टीत त्या वर्गावर लक्ष ठेवा एवढं सांगता येतं. आम्हाला कळलं तर आम्ही खूप काही करू शकतो, बहुतेक वेळा कळतच नाही.

मंदार_डोंबिवली

शाळेवरून आठवलं, महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्येच शाळेच्या कॅन्टीनमध्ये जंक फूड नको असा आदेश काढला होता, आणि सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितलं, कशात किती साखर ते दाखवणारे. कॅन्टीन सुधारेलही, पण फाटकाबाहेरची गाडी आहेच. पालक सभेत दहाजण मिळून बोललो तर फरक पडतो, आमच्या इथे वाढदिवसाला चॉकलेटं वाटणं असंच बंद झालं.

अण्णा_कोल्हापूरकर

काय झालं पुढं? पोरगं कसं आहे? दोन महिने झाले, धागा वर काढतोय.

गवतीचहा | १४ सप्टेंबर

अण्णा, आठवण ठेवलीत, बरं वाटलं. सविस्तर लिहिते.

डाएट चार्ट फाडून टाकला. घरात वजन हा शब्द बंद, काटा माळ्यावर. नवऱ्याला हे सगळ्यात जड गेलं, कारण त्याला रोज आकडा लिहायचा होता. शेवटी ठरलं की नियम करायचा तर घरातल्या चौघांना. कोल्ड्रिंक घरात नाही म्हणजे बाबांच्या मित्रांसाठीही नाही. रविवारी बाहेर खायचं ते मोकळेपणाने खायचं, त्यावर कोणी बोलायचं नाही.

सुमाआजी, तुमची पोस्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, धिरड्याला पीठ आंबवावं लागत नाही ना. आता रोज पावणेपाचला तवा गॅसवर असतो. पहिल्या आठवड्यात तो खाऊन जायचा आणि वडापावही खायचा. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, आज भूकच नव्हती. आठवड्यातून एक-दोनदा अजून खातो, खाऊ दे.

साडेआठचा क्लास बदलून सव्वासातला संपणारा घेतला, सर थोडे कमी नावाजलेले आहेत. घरात यावरून वाद झाला. पण आता जेवण आठला होतं, सगळे एकत्र बसतो, आणि तो अकराच्या आत झोपतो.

आणि एक गोष्ट मी सुचवलेली नाही, त्यानेच केली. सोसायटीतल्या मुलांचं छोटं ढोल पथक आहे, जुलैपासून सराव असतो. मित्र घेऊन गेला. पहिल्या दिवशी मी गॅलरीतून बघत होते. ढोल कमरेला बांधायची दोरी त्याला पुरेना. माझ्या पोटात गोळा आला, आता कोणीतरी हसणार. पथकातला एक कॉलेजचा दादा आला, त्याने काही न बोलता स्वतःच्या ढोलाची लांब दोरी सोडून ह्याला बांधली आणि स्वतः टोल, म्हणजे ताल द्यायची धातूची तबकडी, हातात घेऊन उभा राहिला. पुढच्या मिनिटाला वाजायला सुरुवात. दीड तास! शर्टातून पाणी गळत होतं. दोन महिने एक दिवस चुकवला नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत चार तास वाजवलंन, हाताला फोड आले ते सगळ्यांना दाखवत फिरला.

परवा डॉक्टरांकडे गेलो. वजन ७८, तेवढंच. उंची १६५. डॉक्टर खूश, नवरा जरा हिरमुसला, त्याला वाटलं होतं पाच किलो तरी कमी होईल. एचबीए१सी किंचित खाली आलंय. उशी अजून घेतो पोटावर. टोपणनाव अजून आहे, शिक्षकांशी बोलायला ह्या महिन्यात हो म्हणालाय.

आता पथक संपलं आणि संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न आहे. काल स्वतःहून म्हणाला, तलावावर टीशर्ट घालून पोहू देतात का? मी एकदम काही बोलले नाही, बघते म्हटलं. कोणाला माहीत आहे का?

शिट्टी

सुती टीशर्ट बहुतेक तलावांवर चालत नाही, पाण्यात जड होतो आणि गाळणीत धागे अडकतात. पण पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा नायलॉनचा पोहण्याचा सूट मिळतो, तो चालतो. हल्ली सगळ्या अंगकाठीची मुलं घालतात, ऊन लागू नये म्हणून, त्यामुळे त्यात वेगळं दिसत नाही. काळा किंवा गडद निळा घ्या. दुकानात त्याला नेऊन सगळ्यांसमोर माप घेऊ नका, दोन साईज घरी आणा.

पारिजात८८

आणि ताई, दुपारची किंवा रात्रीची शेवटची बॅच बघा, गर्दी कमी असते. कपडे बदलायला दाराची खोली आहे का तेही आधी बघून या.

गवतीचहा

हे दाराचं माझ्या लक्षातच आलं नसतं. शुक्रवारी ऑफिसमधून लवकर निघून आधी एकटीच बघून येते, मग त्याला सांगते.